साथीचे दिवस आणि शाळेतील माणसे

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त मुठा, ता. मुळशी येथे दिलेले व्याख्यान)



आज १० मार्च. सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला बोलावले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, सावित्रीबाईंच्या शैक्षणिक कार्यावर बोला." त्या कार्याविषयी या सभागृहात मी नवीन काय सांगणार? भिडेवाड्यातली शाळा, अंगावर झेललेले शेण आणि चिखल, पिशवीतले दुसरे लुगडे हे सारे आपल्या मुलांना पाठ आहे. म्हणून मी आज सावित्रीबाई कशा जगल्या यापेक्षा त्या कशा गेल्या, याविषयी बोलायचे ठरवले आहे. कारण त्या साथीत गेल्या, आणि आपणही एक मोठी साथ नुकतीच पाहिली आहे. मी तेहतीस वर्षे या मुळशी तालुक्यातल्या शाळांत काढली. त्यातली शेवटची वर्षे करोनाची होती. त्या दिवसांत शाळेतल्या माणसांच्या जिवाचे काय झाले आणि पुढे काय व्हायला हवे, एवढाच आजचा विषय आहे.

आपण ज्या मुठा खोऱ्यात बसलो आहोत, तिथली नदी खाली पुण्यात संगमावर मुळेला मिळते आणि मुळा-मुठा होऊन मुंढव्यावरून पुढे जाते. त्याच मुंढव्याच्या महारवाड्यात १८९७ साली पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा एक मुलगा प्लेगने पडला. जोतीराव १८९० मध्येच निवर्तले होते. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्या मुलाला स्वतः उचलून सावित्रीबाईंनी तिथवर नेले. चरित्रकार सांगतात की मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगनेच गेले.

ही कथा आपण दरवर्षी सांगतो आणि हात जोडतो. हात जोडलेच पाहिजेत. परंतु त्याबरोबर एक साधा प्रश्नही विचारला पाहिजे. सावित्रीबाईंना त्या वेळी कोणते संरक्षण उपलब्ध होते?

उत्तर असे आहे की जवळजवळ काहीच नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन या शास्त्रज्ञाला सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे माहीत नव्हते. उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर एका वर्षाने. प्लेगची लस हाफकिनने मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर दोन महिने उरले होते. ती लस अजून प्रयोगशाळेच्या बाहेर नीटशी पडलीही नव्हती. आजारी मुलाला छातीशी धरताना आपण नेमके कशाला जवळ करतो आहोत, हे त्या माउलीला ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. एवढेच ठाऊक होते की पोराला उचलले नाही तर ते मरेल.

आणि मित्रांनो, त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. त्या कोणाच्या नोकर नव्हत्या. त्या आपण होऊन गेल्या. आपल्या मनाने स्वीकारलेल्या अशा मरणाला आपण त्याग म्हणतो.

आता मी तुम्हाला १८९७ मधून २०२० मध्ये आणतो. मधल्या काळात १९१८ चा इन्फ्लुएन्झा येऊन गेला, ज्यात आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. परंतु त्या साथीच्या आठवणी सांगणारे आता आपल्यात उरले नाहीत. करोना मात्र आपण सर्वांनी भोगला आहे.

राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले. तारीख होती ९ मार्च २०२०. लगेच साथरोगाचा कायदा लागू झाला, शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. त्या दिवसांत एक वाक्य आम्ही शिक्षकांनी फार ऐकले : "मास्तर घरी बसून पगार खातात." ज्यांनी ते म्हटले त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याची मजुरी बुडाली आहे त्याला दुसऱ्याचा चालू पगार खुपणारच. परंतु वस्तुस्थिती काय होती ते नोंदवले पाहिजे. शाळा बंद होती, शिक्षक मात्र बाहेर होता. कोणी पोलिसांबरोबर नाक्यावर गाड्यांची नोंद करत होते. कोणी रेशन दुकानापुढची रांग लावत होते. कोणी विलगीकरण कक्षावर नेमलेले होते, आणि तो कक्ष म्हणजे पुष्कळ गावांत आमच्याच शाळेच्या खोल्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा आशाताईंच्या बरोबरीने ठिकठिकाणी शिक्षकही घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरले.

हे काम बेकायदेशीर होते का? नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात म्हटले आहे की शिक्षकाला शिक्षणाव्यतिरिक्त कामाला लावू नये. अपवाद फक्त तीन : दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदतकार्य. करोना ही आपत्ती होती. म्हणजे सरकारला शिक्षकाला बोलावण्याचा अधिकार होता, आणि माझे स्पष्ट मत आहे की तसा तो असायलाही हवा. गावाची खडान्‌खडा माहिती शिक्षकाइतकी कोणाला असते? कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाचे पोर कोकणात कामाला गेले आहे, धनगरवाड्यावर जायची वाट कुठून आहे, कातकरी वस्तीवर कोणाच्या शब्दाला मान आहे, हे शिक्षक जाणतो. संकटात समाजाने त्याला हाक मारली तर त्याने जायलाच हवे.

पण हाक मारणाऱ्याचेही काही देणे लागते की नाही?

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण त्यांच्या कुटुंबाने पुरेसे सोसले आहे. वय चव्वेचाळीस. डोंगरावरच्या शाळेत दोन शिक्षक, त्यातले हे एक. सर्वेक्षणाचा निरोप त्यांना फोनवर आला. लेखी आदेश "मागाहून मिळेल" असे सांगितले गेले. त्यांनी विचारले, "मास्क, हातमोजे?" उत्तर मिळाले, "सध्या तुमचे तुम्ही बघा." त्यांनी बाजारातून कापडी मास्क विकत घेतला आणि भर पावसाळ्यात तीन वाड्या फिरले. बाहेर पाऊस होता म्हणून लोकांनी त्यांना घरात बसवले. बंद दारे, चुलीचा धूर, एका खोलीत आठ माणसे, आणि हे प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावत होते. त्यांच्याबरोबर आमच्या शाळेच्या आहाराचा स्वयंपाक करणारी एक बाई होती. शाळा बंद असल्याने मुलांचा तांदूळ-डाळ घरोघर वाटायचा होता. पोती मोजायला आणि वाटायला ती त्यांच्यासोबत जाई. बाराव्या दिवशी दोघांनाही ताप आला. बाई वाचली. गुरुजी गेले.

शासनाने २९ मे २०२० रोजी एक चांगला निर्णय घेतला होता. सर्वेक्षण, शोध, प्रतिबंध अशा करोनाच्या कामावर असताना कर्मचारी दगावला तर त्याच्या कुटुंबाला ५० लाख रुपये सानुग्रह सहाय्य. अट अशी की दवाखान्यात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत तो कर्तव्यावर हजर असला पाहिजे. कागदावर हा नियम सरळ आहे. परंतु गुरुजींच्या पत्नीने प्रस्ताव दिला तेव्हा तो परत आला. शेरा होता : आदेशाची प्रत जोडलेली नाही. आदेश "मागाहून" मिळणार होता. तो मागाहूनही मिळालाच नव्हता. फोनवर निरोप देणारे अधिकारी बदलून गेले होते. ज्या माणसाने तेरा दिवस गावाच्या घराघरात जाऊन लोकांची बोटे धरली, तो कर्तव्यावर होता हेच आता सिद्ध करायचे होते.

ते सिद्ध कसे झाले, ऐका. गुरुजींना रोजनिशी लिहायची सवय होती. लहानशी खिशातली वही. त्यात तारीख, वाडी, घरांची संख्या, ताप असलेली माणसे असे सगळे लिहिलेले. आशाताईंच्या रजिस्टरात त्याच तारखांना त्याच घरांच्या नोंदी होत्या. गावातल्या चार पोरांनी बसून दोन्हींचा मेळ घातला, सरपंचाचा दाखला जोडला आणि प्रस्ताव पुन्हा पाठवला. दीड वर्षाने तो मंजूर झाला. ती वही आज मी डोळ्यांपुढे आणतो तेव्हा मला वाटते, तिने एका घराला आधार दिला.

आणि ती स्वयंपाकीण? तिला पुढे वर्षभर दम लागत होता. पाण्याची कळशी उचलवेना. तिचे नाव कोणत्याच आदेशात नव्हते, कोणत्याच रजिस्टरात नव्हते. महिना दीड हजार रुपयांच्या मानधनावर राबणारी ती बाई आजारी पडली, तर तिची रजा कोणी मांडायची आणि उपचार कोणी करायचे, याचा विचार करणारा नियमच आम्हाला सापडला नाही. आम्ही वर्गणी काढली. वर्गणी ही दया झाली. तिचा तो हक्क नव्हता. ही गोष्ट माझ्या मनाला अजून डाचते, कारण शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने तिला पोती उचलायला मीच पाठवले होते. तिच्या नावाची एक ओळ लिहून ठेवावी, हे तेव्हा मलाही सुचले नाही.

हे केवळ आपल्या खोऱ्यात घडले असे समजू नका. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट शिगेला असताना, पंचायत निवडणुका झाल्या. तिथल्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने निवडणुकीच्या कामानंतर दगावलेल्या १६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. तिथल्या शिक्षण खात्याने सुरुवातीला मान्य केले तीन मृत्यू! कारण नियमाचा अर्थ असा लावला होता की घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतच्या वेळात मृत्यू आला, तरच तो कर्तव्यावरचा मृत्यू. करोनाचा विषाणू असा घड्याळ लावून मारतो काय? त्याला अंगात वाढायला दिवस लागतात. ओरड झाल्यावर नियम बदलला आणि निवडणुकीच्या कामानंतर ३० दिवसांच्या आतले मृत्यू धरून ३० लाख रुपयांची मदत देण्याचे ठरले. म्हणजे माणसे तीच आणि त्यांचे मरणही तेच. केवळ नियमातला एक शब्द बदलला आणि तीनाचे शेकडो झाले. नियमातल्या शब्दाला एवढे मोल असते.

आपल्या कायद्याकडेही पाहू. ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये सारे आदेश निघाले, तो कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे. होय, सावित्रीबाई ज्या साथीत गेल्या, त्याच साथीसाठी इंग्रज सरकारने तो केला. अवघी चार कलमे. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा त्यात आहे. आदेश राबवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हेही त्यात आहे. पण आदेश राबवताना जो मरेल त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची, याविषयी एक अक्षर नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा आली, हे उत्तमच झाले. म्हणजे काम करणाऱ्याला माणसाच्या हल्ल्यापासून कायद्याचे संरक्षण मिळाले. रोगाच्या हल्ल्यापासून कोण वाचवणार, तो प्रश्न मूळ जागीच राहिला.

लसीचेही तसेच. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस-सफाई कामगारांसारखे आघाडीचे कर्मचारी, मग वयाप्रमाणे नागरिक. शिक्षकांचा असा वेगळा गट देशपातळीवर धरला नव्हता. डिसेंबर २०२० मध्येच युनेस्कोने शिक्षकांना अग्रक्रम द्या असे जगाला आवाहन केले होते. आपल्या केंद्र सरकारने ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनापूर्वी सर्व शिक्षकांना लस द्या, असे राज्यांना सांगितले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. सावित्रीबाईंच्या काळी लस नुकती जन्मली होती; आमच्या काळी लस होती, पण तिच्या रांगेत आम्ही कुठे उभे राहायचे ते ठरले नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे. पहिली अज्ञानाची मर्यादा होती. दुसरी व्यवस्थेची हयगय होती.

उपासक-उपासिकांनो, या संदर्भात मला विनयपिटकातली एक घटना आठवते. महावग्गात ती आली आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ करून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून विचारले की तुमची शुश्रूषा करायला इथे ना आई आहे ना बाप. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील? ही घटना पुष्कळांना माहीत असते. परंतु त्याच्याच पुढे दोन गोष्टी आहेत, त्या आपण फारशा सांगत नाही. एक म्हणजे रोग्याची सेवा करायला योग्य कोण, याची लक्षणे दिली आहेत. औषध तयार करण्याचे सामर्थ्य आणि रोग्याला काय हितकर, काय अहितकर याची जाण, ही त्यात येतात. म्हणजे नुसता कळवळा पुरेसा नाही, ज्ञानही हवे. दुसरी गोष्ट अशी की रोगी भिक्खू निवर्तला तर त्याचे पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, असा नियम केला आहे. पाहा, सेवा करणाऱ्याची कृतज्ञता केवळ शब्दांवर सोडली नाही. ती नियमात लिहिली.

बाबासाहेबांच्या कार्यातही हाच धागा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार आजारी पडला तर त्याने मालकाच्या मर्जीवर राहू नये, यासाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल बाबासाहेबांच्या खात्याला सादर झाला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात कामाच्या जागी हवा खेळती असली पाहिजे हेसुद्धा लिहिले गेले. आणि राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात राज्यसंस्थेला सांगितले आहे की कामाची परिस्थिती न्याय्य आणि मानवी असावी यासाठी तरतूद करा. कलम कारखान्याचे नाव घेत नाही. शाळा हीसुद्धा कामाची जागा आहे. शिक्षक, शिपाई, स्वयंपाकीण, मुलांना ने-आण करणारा चालक ही सर्व कामाची माणसे आहेत.

काही जण म्हणतील, "गुरुजी, शिक्षकी पेशा पवित्र आहे. तुम्ही त्याला कामगारांच्या पंक्तीला कशाला बसवता?" मी नम्रपणे सांगतो, पेशाला पवित्र म्हटल्याने माणसाची फुप्फुसे वेगळ्या मातीची होत नाहीत. 'करोनायोद्धा' म्हणून फुले उधळली गेली, टाळ्या वाजल्या. त्याबद्दल कृतज्ञता आहे. परंतु पंचवीस रुपयांचा चांगला मास्क टाळीपेक्षा अधिक उपयोगी होता. सावित्रीबाईंचा त्याग दाखवून दुसऱ्याला विनासंरक्षण कामावर पाठवणे हा सावित्रीबाईंचा गौरव नव्हे. त्याग माणूस स्वतःच्या इच्छेने करतो. तो वरून आदेशाने मागता येत नाही. आदेश देणाऱ्याने संरक्षण दिलेच पाहिजे.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, विशेषतः आपल्या समाजासाठी. शिक्षकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा फक्त शिक्षकांच्या संघटनांचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला सुरुवात झाली. त्याआधी सर्व शिक्षकांची करोना चाचणी सक्तीची होती. चाचणी केंद्रांवर रांगा लागल्या आणि जागोजाग शिक्षक बाधित निघाले. त्याचा परिणाम असा की पालक घाबरले, काही ठिकाणी शाळा उघडणे लांबले. पुढे दुसऱ्या लाटेने सर्वच बंद झाले. पहिली ते चौथीच्या मुलांना पुन्हा वर्गात बसायला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ : वीस महिने! ज्याच्या घरी मोठा फोन, त्याचे थोडेफार चालले. या खोऱ्यात फोनला रेंज मिळायला पोरे टेकडीवर जाऊन बसत होती. ज्याच्या घरी फोनच नव्हता, त्याने गुरे राखली, वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेला. दुसरीत गेलेले पोर अक्षर विसरून चौथीत आले. सर्वांत मोठा तोटा कोणाचा झाला? आपल्याच मुलांचा.

म्हणून मी म्हणतो, शाळेतला माणूस सुरक्षित असेल तरच शाळा लवकर उघडते आणि उघडी राहते. शिक्षकाची सुरक्षितता आणि गरिबाच्या मुलाचे शिक्षण यांत भांडण नाही. दोन्हींचे हित एकच आहे.

मग करायचे काय? साथ पुन्हा येणार नाही असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हा आजच काही गोष्टी ठरवून ठेवू या.

पहिली गोष्ट, कागद. आपत्तीच्या कामाचा निरोप तोंडी आला तर काम जरूर सुरू करावे, पण त्याच दिवशी मुख्याध्यापकाने हजेरीबुकात आणि आवक-जावक नोंदवहीत लिहावे : कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या वाडीवर. त्यात शिपाई आणि स्वयंपाकीण यांची नावे प्रथम लिहावीत, कारण तीच नावे विसरली जातात.

दुसरी, साधने. कामावर पाठवणाऱ्यानेच मास्क व हात धुण्याची सोय पुरवली पाहिजे. ग्रामपंचायतीने आणि आपल्यासारख्या संस्थांनी थोडा साठा आधीच ठेवला तर पहिल्या आठवड्यातली तारांबळ टळेल.

तिसरी, हवा. करोनाच्या सुरुवातीला आम्ही बाके आणि दारांच्या कड्या पुसण्यातच शक्ती घालवली. पुढे स्पष्ट झाले की हा रोग मुख्यतः श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. तेव्हा सर्वेक्षण करणाऱ्याने पाऊस असला तरी ओटीवर, पडवीत उभे राहून नोंद घ्यावी. घरात बसू नये. वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का, हे आज जाऊन पाहा. पुष्कळ शाळांत एका बाजूच्या खिडक्या कायमच्या खिळे मारून बंद असतात. तो खिळा काढायला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

चौथी, माणसांची निवड. ज्याला दमा, मधुमेह, हृदयविकार आहे, जी भगिनी गरोदर आहे, तिला फोनवरचे, नोंदीचे काम द्यावे. ही सवलत मागावी लागू नये. यादी करतानाच द्यावी.

पाचवी, लस आणि रजा. ज्याला आदेशाने लोकांत पाठवायचे त्याला लस आधी, हा नियम असावा. आणि ताप आला तर "मला बरे नाही" असे सांगण्याची भीती वाटू नये. मानधनावरच्या बाईची एका दिवसाची रक्कम कापली जाणार असेल तर ती ताप लपवून येते, आणि मग तो ताप तिच्यापुरता राहत नाही.

सहावी, माघारी राहिलेले कुटुंब. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नव्हती. त्यातले जे साथीत गेले, त्यांच्या घरी कुटुंबनिवृत्तिवेतनाचा आधारही त्या वेळी नव्हता. कर्मचाऱ्यांच्या लढ्यामुळे शासनाने २०२३ मध्ये त्यात सुधारणा केली. कंत्राटी आणि मानधनावरची माणसे मात्र अजून दाराबाहेरच उभी आहेत. त्यांच्यासाठी आपल्या संघटनांनी बोलले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. त्या गुरुजींची वही आणि आशाताईंचे रजिस्टर ज्या चार पोरांनी जुळवले, ती आमच्याच शाळेत शिकलेली होती. त्यांतला एक जण बारावीला होता. रात्री दिव्याखाली बसून ते तारीख वाचत होते, घर मोजत होते. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले ते नुसते नोकरीसाठी नव्हे. वाचता-लिहिता येणाऱ्या चार मुलांनी एका विधवेचा हक्क परत मिळवला, हे शिक्षणाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे. तुम्हीही आपापल्या गावची एक वही ठेवा. साथीच्या वेळी, पुराच्या वेळी कोण कुठे धावले ते लिहून ठेवा. आणि त्यात शाळेच्या चुलीपुढे बसणाऱ्या मावशीचे नाव लिहायला विसरू नका. मी विसरलो होतो.

सावित्रीबाईंनी एका मुलाला उचलले तेव्हा त्यांच्या मागे कोणी उभे नव्हते. यापुढे साथीत जो कोणी आपल्या मुलाला उचलायला पुढे होईल, त्याच्या मागे आपण सर्व जण उभे राहू, एवढा निश्चय आज करू या. 

जय भीम.